डॉक्टरकाकांचं अर्विन जाकीट

माणसांची ओळख पटू नये म्हणून गाव, स्क्वाड्रनचा (विमानांच्या तुकडीचा) क्रमांक आणि सगळी नावं गाळली आहेत. बाकी घडलं ते तसंच.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये, एका छोट्या गावात, आमच्या ओळखीचे एक मराठी डॉक्टर राहत. १९६९ साली पुण्याहून एमबीबीएस होऊन आले, काही वर्षं या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरले आणि मग या गावात फॅमिली डॉक्टर म्हणून बसले ते निवृत्त होईपर्यंत. गावाभोवती कोबीची आणि बटाट्याची शेतं, मधूनमधून जुन्या धावपट्ट्यांचं फुटकं काँक्रीट. दुसऱ्या महायुद्धात या सपाट जिल्ह्यात बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, इतके तळ होते की त्याला अजून 'बॉम्बर काउंटी' म्हणतात. युद्ध संपल्यावर त्या तळांवरचे काही हवाई सैनिक इथेच लग्न करून राहिले, म्हातारे झाले आणि काकांच्या दवाखान्यातल्या बाकावर येऊन बसू लागले.

त्यातल्याच एका आजोबांनी १९८६ च्या हिवाळ्यात काकांना आपलं मेंढीच्या कातड्याचं उड्डाणाचं जाकीट दिलं. आजोबा लँकेस्टर या बॉम्बर विमानाच्या शेपटीकडच्या टरेटमधले, म्हणजे बंदुका बसवलेल्या फिरत्या घुमटीतले, गनर. काका रात्री-अपरात्री व्हिजिटला जायचे तेव्हा कुडकुडत यायचे, ते त्यांना बघवेना. सोबत ख्रिसमसचं कार्ड होतं: 'आमच्या गारठणाऱ्या डॉक्टरला'. काका ते घालून एकदाच बाहेर पडले. "अस्वलासारखं वाटतं," म्हणाले आणि पोटमाळ्यावर टांगून ठेवलं.

मी व्यवसायाने इंजिनिअर आणि या जाकिटांचा हौशी संग्राहक. २००९ च्या दिवाळीत काकांनी मला ते पहिल्यांदा दाखवलं. त्या संध्याकाळी मी जो सल्ला दिला, त्याच्यामुळेच हे प्रकरण लिहायची वेळ आली. तो पुढे येईलच.

हे जाकीट म्हणजे काय

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. लेस्ली अर्विन हा अमेरिकन. २८ एप्रिल १९१९ ला ओहायोतल्या मॅककुक फील्डवर त्याने विमानातून उडी मारली आणि हवेत असताना स्वतःच्या हाताने दोरी ओढून पॅराशूट उघडलं. उतरताना घोटा मोडला, पण त्याच वर्षी त्याची पॅराशूटची कंपनी निघाली. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये लेचवर्थला कारखाना आला. पॅराशूटवाल्याला थंडीचं भान असणारच, तेव्हा तिथेच तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे जाकीट जन्मलं आणि ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सने उचललं. लोकर आत, कातडं बाहेर. पुढे धातूची जाड चेन, दोन्ही बाह्यांवर मनगटापासून कोपराकडे जाणाऱ्या लहान चेन, म्हणजे जाड हातमोजे आत जातील. कमरेला पट्टा. बाहेर खिसे नाहीत. बाजारात 'युद्धातलं अस्सल' म्हणून आलेल्या जाकिटाला दोन्ही बाजूंना हात घालायचे खिसे दिसले, की मी पहिला प्रश्न त्यांच्याबद्दल विचारतो.

युद्ध पेटल्यावर मागणी एवढी वाढली की अर्विनला बाहेरच्या अनेक कारखान्यांना काम वाटावं लागलं. म्हणून दोन अस्सल जाकिटं रंगाला, कॉलरला, बेताला वेगळी निघतात. साधारण ठोकताळा असा: सुरुवातीच्या जाकिटांत पाठ मोठ्या एकसंध तुकड्याची, शिवणी कमी. पुढे चांगली मोठी कातडी पुरेनात, तेव्हा लहान लहान तुकडे जोडून काम भागवलं. पाठीवर जितक्या आडव्या-उभ्या पट्ट्या, तितकं जाकीट युद्धाच्या उत्तरार्धाकडे झुकतं. समुद्रावर गस्त घालणाऱ्या कोस्टल कमांडच्या काही जाकिटांना पिवळी टोपी असे, माणूस पाण्यात पडला तर वरून दिसावा म्हणून.

अमेरिकनांचं बी-३ हे याचं भावंड, १९३४ चं. पण १९४३ पासून त्यांनी कापडी जाकिटांकडे मोर्चा वळवला. ब्रिटिश बॉम्बरमध्येही तोवर विजेवर तापणारे पोशाख आले होते. लँकेस्टरच्या मागच्या टरेटमध्ये चार ब्राउनिंग बंदुका आणि त्यांच्यामागे कोंबलेला माणूस. काही गनर तर रात्री नीट दिसावं म्हणून समोरचं पर्स्पेक्स (पारदर्शक प्लास्टिक) काढून टाकत, आणि वर उणे ४० पर्यंत पारा. (उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच, त्यामुळे या आकड्यावर भांडण नाही.) त्या खोपट्यात हे फुगीर जाकीट अडचणीचंच व्हायचं. पुष्कळ गनर ते जमिनीवरच जास्त वापरत. हा तपशील लक्षात असू द्या.

युद्धानंतर अशी जाकिटं सरकारी जादा मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळाली आणि मोटारसायकलवाल्यांनी झिजवून संपवली. जी उरली ती बहुतेक कुणाच्या तरी पोटमाळ्यावर.

अडचण

काका २०१९ मध्ये गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये काकूंचा फोन.

"अरे, ते अस्वल झडायला लागलंय. हात लावला की लोकर हातात येते. आणि चिकट झालंय बघ, तुपाच्या बरणीसारखं."

मी शनिवारी गेलो. पोटमाळ्याच्या शिडीवरूनच डांबरगोळ्यांचा वास आला. इंग्लंडमध्ये त्या दुकानात दिसत नाहीत म्हणून काकू पुण्याहून आणायच्या. जाकीट तारेच्या हँगरवर लोंबत होतं. एवढं वजन वर्षानुवर्षं दोन टोकांवर, त्यामुळे खांद्यांना शिंगं आली होती. डाव्या काखेत शिवणीलगत चार बोटं लांब फाटलेलं. पुढच्या चेनचे खालचे सात दात गेलेले, रनर एका बाजूला लटकलेला. गळ्यातलं लेबल नाही, फक्त त्याच्या शिवणीची भोकं. बाहेरचा तपकिरी थर जागोजागी मऊ पडून बोटाला लागत होता. आणि आत, पाठीवर आणि कॉलरखाली, लोकर टकलासारखी कुरतडलेली, त्यात रेशमी जाळी आणि वाळूसारखी बारीक विष्ठा. कसर.

कसरीचं पाखरू स्वतः काही खात नाही. खाते ती अळी, आणि तिला लोकर, पिसं, रेशीम, केस यांतलं केराटिनसारखं प्रथिन लागतं. स्वच्छ लोकरीपेक्षा घामट, तेलकट, मळलेली लोकर तिला जास्त मानवते. हे जाकीट तेलकट कशाने झालं? तर माझ्याने.

२००९ च्या त्या दिवाळीत मी काकांना ऐटीत सांगितलं होतं, "कातडं कोरडं पडलंय काका, त्याला तेल पाजा." जनावरांच्या नळीच्या हाडांपासून काढलेलं, घोड्याच्या खोगिरांना लावतात ते तेल मी स्वतः आणून दिलं. काकांनी डॉक्टरी शिस्तीने दर सहा महिन्यांनी लावलं. दहा वर्षं. तेल कातड्यातून झिरपून लोकरीच्या मुळांपर्यंत गेलं, हवेने चिकट झालं, धूळ धरून बसलं आणि कसरीला ताट वाढून ठेवलं.

मी हे मनानेच काढलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात संग्रहालयंही कातड्याला वंगण देत होती. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने ओळखलं जाणारं लॅनोलिन (लोकरीतून निघणारं मेण), देवदार तेल आणि मेणाचं मिश्रण ग्रंथालयांतल्या पुस्तकांच्या बांधणीवर पिढ्यान्‌पिढ्या चोळलं गेलं. नंतर लोकांना दिसलं की तेल जास्त झालं की पृष्ठभाग काळवंडतो, चिकटतो, कधी पांढरट चरबी वर येते. आज संवर्धक सहसा तेल लावतच नाहीत. हे २००९ मध्येही कळण्यासारखं होतं. मी जुनी माहितीपुस्तिका वाचून शहाणा झालो होतो.

पर्याय

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा घेत आम्ही तिघं बसलो: काकू, त्यांचा मुलगा आणि मी.

मुलाला ते दुरुस्त करून मोटारसायकलवर घालायचं होतं. त्याने नवी चेन मागवलीसुद्धा होती, पितळी, तंतोतंत जुन्या घडणीची. "बाबांना आवडलं असतं," त्याचं म्हणणं. काकूंचं मत, की ज्यांचं होतं त्यांच्या घरी परत द्यावं. गनर आजोबांची मुलगी कॅनडात होती, दोघींची दर नाताळला कार्डं चालायची. तिसरा रस्ता विक्रीचा. मी एका ओळखीच्या विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याने आहे त्या अवस्थेत एक भाव सांगितला आणि पुढे सहज म्हणाला, गनरचं नाव आणि स्क्वाड्रनची कहाणी लिहून दिली तर दुप्पट. चौथा रस्ता जवळच्या एका जुन्या तळावर असलेल्या लहानशा संग्रहालयाचा. तिथल्या बाईंनी फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं, अर्विन जाकिटं आमच्याकडे चार आहेत, पाचवं कशाला? कागदपत्रं असतील तर बोलू.

वजन करायला बसलो तेव्हा एक गोष्ट लगेच स्पष्ट झाली. घालायचं ठरवलं तर नवी चेन, काखेत मजबूत ठिगळ, कातड्याला रंग, हे सगळं आलं, आणि त्यातलं काहीच परत फिरवता येत नाही. मूळ चेन उसवली की मूळ दोऱ्याची शिवण गेली. तरीही मुलाची बाजू मी चटकन बाद केली नाही. हे घालायचं वस्त्र होतं, आणि घरात त्याच्यावर माया असलेला तोच होता. फाटलं नसतं, नाव-गाव काही नसतं, तर मी कदाचित म्हटलं असतं, घाल बाबा.

आम्ही कुठे द्यायचं हा निर्णय लांबणीवर टाकला. आधी कसर मारायची, मग बघायचं. आज मागे वळून पाहता त्या दिवसातला हाच एक निर्णय पूर्ण बरोबर होता.

काय केलं

कसर मारायला विषारी फवारा नको होता. तेलाने मऊ झालेल्या थरावर आणखी रसायन कशाला? उरला गारठा. घरगुती फ्रीजर उणे १८ वर चालतो, त्यात दोन आठवडे लागतात. उणे ३० चा मिळाला तर तीन दिवसांत भागतं, पण तसला घरी कुणाकडे नसतो. जाकीट पॉलिथिनमध्ये गुंडाळून, आतली हवा दाबून काढून, चिकटपट्टीने बंद करायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण दिवसभर तशीच खोलीत ठेवायची, नाहीतर थंड कातड्यावर दव धरतं.

सोपं वाटलं. पण काकूंच्या गॅरेजमधला फ्रीजर म्हणजे एक संस्थान. खवलेला नारळ, मटार, गणपतीनंतर उरलेलं सारण, मुलगा आला की लागतात म्हणून चाळीस पुरणपोळ्या. "दोन आठवडे?" काकूंनी एकेक डबा शेजारच्या बाईंच्या फ्रीजरमध्ये पोचवला आणि प्रत्येकावर इंग्रजीत चिठ्ठी लावली. शेजारीणबाईंनी त्यातल्या सहा पोळ्या खाल्ल्या, असं नंतर समजलं. हिशेबात ते धरलेलं नाही.

दोन आठवड्यांनी जाकीट बाहेर आलं. लहान ब्रशने आणि नळीच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधलेल्या व्हॅक्युमने, अगदी कमी जोरावर, मी आतली जाळी आणि विष्ठा काढली. जाळी नसती तर सुटी लोकरही ओढली गेली असती. याला तीन संध्याकाळी गेल्या. निघालेलं सगळं बंद बाटलीत ठेवलं.

इथवर माझ्या आवाक्यातलं. तेल आणि फाटलेली काख माझ्या आवाक्याबाहेरची होती, आणि या खेपेला मी ते कबूल केलं. ब्रिटनमधल्या आयकॉन या संवर्धकांच्या संस्थेची मान्यताप्राप्त व्यावसायिकांची यादी असते. तिच्यातून एक चर्म-संवर्धक बाई शोधल्या. त्यांनी आधी बाहीच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, द्रावणाचा कापूस टेकवून पाहिला. तेलाबरोबर तपकिरी थरही कापसावर आला.

"तेल निघेल," त्या म्हणाल्या, "पण जाकिटाचा रंगही त्याच्याबरोबर जाईल. मी काढणार नाही."

म्हणजे तेल कायमचं. ते ऐकताना मला काय वाटलं ते सोडून देतो.

काखेचा प्रश्न मला फार शिकवून गेला. साध्या कातड्याला फाटलं तर आतून ठिगळ लावतात. इथे आत लोकर. ठिगळाला चिकटायला जागा हवी तर तिथली लोकर कातरावी लागणार. बाईंनी तो पर्याय टेबलावर मांडला आणि स्वतःच बाजूला सारला. जपानी कागद कातड्याच्या रंगात रंगवून, त्याच्या अरुंद पट्ट्या फटीवर बाहेरून, अशा गोंदाने बसवल्या की जो हवा तेव्हा सोडवता येईल. जाकीट उचलताना फट आणखी पसरणार नाही, एवढंच काम. हात वर केला की उघडेल. त्या क्षणी मुलाचा मोटारसायकलचा बेत आपोआप संपला. त्याला वाईट वाटलं आणि ते मला दिसलं. मागवलेली चेन त्याने परत केली नाही. अजून त्याच्या खणात आहे.

मूळ चेन तशीच ठेवली. सुटलेला रनर शिवणीला दोऱ्याने सैल बांधला.

कॉलरखालचं नाव

व्हॅक्युम करताना कॉलरच्या मागे, टांगायच्या पट्टीखाली, मला शाईचे डाग दिसले होते. नुसत्या डोळ्यांना तपकिरीवर काळपट फराटे. काही शाया इन्फ्रारेडमध्ये उठून दिसतात आणि भोवतालचा तपकिरी रंग फिका पडतो. माझ्याकडे इन्फ्रारेड अडवणारी आतली गाळणी काढून टाकलेला एक जुना डिजिटल कॅमेरा होता. फोटो काढला. पडद्यावर सात आकडी सेवाक्रमांक आला, त्यातला एक आकडा अस्पष्ट, आणि आडनावाची पहिली चार अक्षरं.

आडनाव गनर आजोबांचं नव्हतं.

जवळजवळ आठवडाभर मी कुणालाच काही सांगितलं नाही. मनात पहिला विचार आला तो, कॉलर खाली पाडून ठेवली तर हे कुणाला दिसणार आहे? विक्रेत्याने सांगितलेली दुप्पट किंमतही आठवली. मग नुसता शोध घेऊ म्हणून बसलो. एका अस्पष्ट आकड्यासाठी दहा शक्यता, त्यातल्या चार अक्षरांशी जुळणाऱ्या किती? युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत सेवाक्रमांक असतात. त्यात एकच जुळला. वायरलेस ऑपरेटर, सार्जंट, १९४३ च्या शरद ऋतूत मृत्यू. कबर नाही. नाव रनीमीडच्या स्मारकावर, जिथे दफनाची जागाच नसलेल्या २० हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं कोरली आहेत.

पुढचा दुवा स्क्वाड्रनच्या रोजनिशीत. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'एआयआर २७' या मालिकेत त्या मिळतात, घरबसल्या उतरवूनही घेता येतात. त्या रात्रीच्या पानावर विमान, सात नावं आणि शेवटच्या रकान्यात दोनच शब्द: परतलं नाही. स्क्वाड्रन तीच, जिच्यात आपले गनर आजोबा १९४४ च्या सुरुवातीला दाखल झाले. त्यांच्या लॉगबुकाचे (उड्डाणांच्या नोंदवहीचे) फोटो कॅनडाहून मुलीने पाठवले होते, म्हणून तारीख पक्की.

आणि जाकिटाची पाठ? एकसंध मोठा तुकडा. सुरुवातीच्या बेताची. १९४४ मध्ये आलेल्या माणसाच्या अंगावर जुन्या बेताचं जाकीट, हे मला २००९ मध्येच खटकायला हवं होतं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, जुना माल कोठारातून वर्षानुवर्षं वाटला जायचा. पण प्रश्न तरी पडला असता.

हे जाकीट एकाकडून दुसऱ्याकडे कसं आलं याचा कागद नाही. पद्धत माहीत आहे. विमान परतलं नाही की नेमलेली समिती त्या माणसाच्या खाटेजवळची खाजगी चीजवस्तू गोळा करून घरी पाठवायची व्यवस्था करी, आणि सरकारी कपडे कोठारात परत जात. तिथून ते पुढच्याला मिळाले असतील. किंवा कुणी मित्राने उचलून ठेवलं असेल. आणखी एक गोष्ट डोक्यात घोळत राहते. लँकेस्टरमध्ये गरम हवेचं तोंड वायरलेस ऑपरेटरच्या बाजूला. सात जणांत तोच घामाघूम व्हायचा. जाकीट तळावर राहिलं आणि तो वर गेला, असं असू शकतं. मी हे फलकावर कधीच लिहिणार नाही, पण मला तसं वाटतं.

काकूंना सांगायला गेलो. त्या बराच वेळ फोटो बघत राहिल्या.

"किती वर्षांचा होता रे?"

"एकवीस."

"आणि आजोबांना माहीत असेल?"

"कॉलरखाली नाव होतं. रोज घालत असतील तर दिसलंच असेल."

बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमानी कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. एवढी संख्या मला पाठ आहे, आणि तरी त्या टेबलावर ती तोंडून निघाली नाही.

निष्पत्ती

कॅनडातल्या मुलीला आम्ही सगळं कळवलं, फोटोंसकट. मला भीती होती की वडिलांच्या वस्तूवर दुसऱ्याचं नाव निघालं म्हणून ती दुखावेल. तिचं उत्तर दोन दिवसांत आलं. वडील दर नोव्हेंबरमध्ये स्मृतिदिनाला एक नाव हळू आवाजात म्हणायचे, ते कुणाचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिला पहिली चार अक्षरं ओळखीची वाटली. एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नाही हे तिनेच पुढच्या ओळीत लिहिलं. जाकीट तिला नको होतं. 'डॉक्टरांना दिलं ते डॉक्टरांचं,' असं लेखी दिलं, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

वायरलेस ऑपरेटरच्या घरच्यांचा शोध एका पुतण्यापर्यंत पोचला. पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं नाही. काही लोकांना जुनं उकरलेलं नको असतं.

मग तेच लहान संग्रहालय. आता आमच्याकडे ख्रिसमसचं कार्ड होतं, मुलीचं पत्र, इन्फ्रारेड फोटो, रोजनिशीचं पान, संवर्धक बाईंचा अहवाल. पाचवं जाकीट नको म्हणणाऱ्या बाईंनी हे घेतलं. फलकाच्या मजकुरावर मात्र दोन महिने गेले. त्यांच्या पहिल्या मसुद्यात 'याच जाकिटात त्याने जर्मनीवर उड्डाण केलं' असं होतं. मी खोडलं. दुसऱ्यात 'मृत मित्राची आठवण म्हणून जपलेलं' आलं. तेही खोडलं. शेवटी राहिलं ते असं: एका सार्जंटचं नाव आत आहे, तो १९४३ मध्ये परतला नाही, त्याच स्क्वाड्रनमधल्या एका गनरने हे १९८६ मध्ये आपल्या पुण्याच्या डॉक्टरांना दिलं. शेवटच्या ओळीत, माझ्या आग्रहाने, '२००९ ते २०१९ या काळात तेल लावल्याने पृष्ठभाग काळवंडला आहे' हेही आहे. कुणी लावायला सांगितलं ते नाही. माझं नाव घालायला मी तयार होतो, पण बाई म्हणाल्या जागा नाही.

जाकीट टांगलेलं नाही. सपाट पेटीत, बाह्यांत आणि खांद्यांत कागदाच्या मऊ गुंडाळ्या घालून ठेवलं आहे. साधा आम्लमुक्त कागद तेलाला चिकटतो म्हणून मध्ये सिलिकॉनचा हात दिलेला कागद. वर्षातून काही आठवडे बघायला बाहेर काढतात, मंद उजेडात.

आता करायचं तर

तेल हा उघड धडा. त्याहून मोठी चूक मला वेगळी वाटते. २००९ मध्ये गनर आजोबा जिवंत होते, वीस मिनिटांच्या अंतरावर. मी चेनवरचं नाव वाचलं, पाठ मोजली, कातड्याची जात सांगितली, आणि त्यांना भेटायला गेलो नाही. कॉलर उलटून पाहिली असती आणि त्यांच्या टेबलावर ठेवली असती, तर आज 'किंवा' ने सुरू होणारी अर्धी वाक्यं मला लिहावी लागली नसती. संग्राहक वस्तूकडे बघताना माणसाकडे पाठ करून बसतो, निदान मी तरी बसलो होतो.

दुसरं, फोटो. तेल लावण्याआधीचा एकही चांगला फोटो नाही. तेव्हाचा रंग काय होता हे आता फक्त माझ्या आठवणीत आहे, आणि संवर्धक बाईंनी ती आठवण पुरावा म्हणून धरली नाही. योग्यच केलं.

मुलाच्या बाबतीत मी घाई केली का, हे मला अजून ठरवता येत नाही. आज वाटतं, संवर्धक बाईंकडे त्याला सोबत न्यायला हवं होतं. त्याने स्वतः ती काख पाहिली असती, तर निर्णय त्याचा झाला असता. झालं असं की त्याच्या वडिलांची वस्तू कुठे जाणार हे दोन वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि त्याला कळवलं.

आणि डांबरगोळ्या. काकूंना मी त्या टाकायला सांगितल्या, कपाटांत कसरीच्या नराला भुलवणारे चिकट सापळे लावून दिले. सापळ्याने कसर संपत नाही, आहे की नाही ते कळतं. महिन्यातून एकदा काकू चष्मा लावून मोजतात आणि मला आकडा कळवतात. गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला.

"अरे, तीन सापडल्यात. शालूच्या कपाटात. माझ्या लग्नातला आहे तो, कळलं का? ये लवकर. मी फ्रीजर रिकामा करायला घेतलाय."